पडू न दिलेली माणसं

त्या वृद्धाश्रमात 'सिस्टर' म्हटलं की एकाच बाईकडे बोट जायचं. तशा आणखी दोन नर्स होत्या, पण त्या येत-जात राहायच्या. या मात्र आल्या त्या ठाण मांडून राहिल्या. उमेदीची सगळी वर्षं मोठ्या इस्पितळात काढून, निवृत्तीनंतर घरी बसून करमेना म्हणून त्यांनी ही नोकरी धरली होती. बांधा ठेंगणा, चाल तुरुतुरु, आणि आवाज असा की त्या जिन्याखालून बोलल्या तरी वरच्या मजल्यावरचा माणूस आपली उशी नीट करून बसे. चादरीला पडलेली सुरकुती त्यांना खपत नसे. पण कुणाचा चष्मा हरवला तर त्या स्वतः पलंगाखाली वाकून शोधत, कुणाला ऐकू येत नसेल तर ओरडण्याऐवजी समोर खुर्ची ओढून सावकाश बोलत. म्हाताऱ्या माणसांवर त्यांचा खरोखर जीव होता. पुढे जे झालं ते हा जीव असूनही झालं, आणि तेच त्यांना छळत राहिलं.

त्या रुजू झाल्या त्याच वर्षी रेडिओआजी पडल्या. कानाशी छोटा रेडिओ धरून दिवसभर हिंडणाऱ्या आणि ऐकलेली बातमी मीठमसाला लावून सगळ्यांना सांगणाऱ्या या आजी एका संध्याकाळी बाथरूमच्या उंबऱ्याशी घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यातून त्या उठल्याच नाहीत. त्यांचा भाचा आला आणि बैठकीच्या खोलीत सगळ्यांदेखत सिस्टरांना म्हणाला, "माणूस सोपवलं होतं तुमच्याकडे. सांभाळता येत नाही तर दारावर पाटी कशाला लावता?"

त्या दिवसापासून कुठे काही आपटल्याचा आवाज आला, मग ते स्वयंपाकघरातलं पातेलं का असेना, सिस्टर हातातलं काम टाकून धावायच्या. आपल्या हाताखाली पुन्हा कुणी पडता कामा नये, एवढं एकच त्यांच्या डोक्यात बसलं. आणि मग त्यांनी सुताराला बोलावलं.

सुताराने खोल बैठकीच्या, रुंद हातांच्या खुर्च्या केल्या. प्रत्येकीला पुढून एक आडवी फळी. फळीची खिटी खुर्चीच्या पाठीमागे, बसलेल्याचा हात पोचणार नाही अशी. दिसायला मोठी सोयीची गोष्ट. फळीवर जेवणाचं ताट राहायचं, पेपर राहायचा, चष्म्याचं घर राहायचं. माणूस तेवढा उठू शकायचा नाही.

ज्यांचा तोल जरा जातो, ज्यांना चक्कर येते, त्यांच्यासाठीच या खुर्च्या, असं सुरुवातीला ठरलं होतं. पण म्हातारपणी तोल कुणाचा जात नाही? हळूहळू बैठकीच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्याच खुर्च्या झाल्या. नातेवाईक खूश. आश्रमाचे अध्यक्ष, स्वतःचा कागदाचा कारखाना चालवणारे गृहस्थ, येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे, "आमच्याकडे माणूस पडत नाही." कौतुक कुणाला आवडत नाही? सिस्टरही मनातून सुखावायच्या.

सिस्टरांचा नवरा मोटार शिकवायचा. त्याने एकदा त्या खुर्च्या पाहिल्या आणि घरी येऊन म्हणाला, "माझ्या हाताखालची माणसं ब्रेक लावायला विसरतात, आणि तुझ्या हाताखालची सगळी ब्रेकवरच."

"तुमचं काय जातंय थट्टा करायला!" म्हणून सिस्टरांनी त्याला उडवून लावलं.

आश्रमात एक निवृत्त बस कंडक्टर होते. त्यांना सगळे कंडक्टरच म्हणायचे. त्यांनाही खुर्ची मिळाली तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, माझं तिकीट कुठपर्यंतचं आहे हो? गाडी काही हलत नाही." सगळे हसले. सिस्टरही हसल्या. त्यातलं हसण्यासारखं नव्हतं ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

अशात टेलरकाका आले. जन्मभर कपडे शिवलेला माणूस. बायको गेली, मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. तिच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दिवसभर एकटं राहण्यापेक्षा त्यांनी आपण होऊन आश्रम पत्करला होता. फाटकापाशी रिक्षा थांबली तेव्हा ते स्वतः उतरले, बॅग मुलीला उचलू दिली नाही, आणि पायऱ्या चढता चढता सिस्टरांना म्हणाले, "तुमच्या बाहीची उसवण वाढतेय बघा. सुई-दोरा आहे माझ्याकडे."

ते एका जागी बसायचे नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला रस्त्यावर उघडणारी एक खिडकी होती. तिथे उभं राहून ते जाणाऱ्या-येणाऱ्यांचे कपडे न्याहाळत. "याचा खांदा उतरलाय. हिला कंबरेत एक चिमूट घ्यायला हवी होती." मग खोल्याखोल्यांतून चक्कर. कुणाच्या कॉलरवरचा दोरा काढ, कुणाचं बटण टाक. पाय थोडे फरफटत, पण चालत. सेविका मावशी, जिच्याकडे बैठकीच्या खोलीचं काम होतं, कौतुकाने म्हणायची, "काकांच्या पायाला भिंगरी आहे."

एका दुपारी चहाची ट्रॉली वळणावर आली आणि काका तिला धडकले. पडले नाहीत. भिंतीला हात टेकून उभे राहिले, सदऱ्यावर थोडा चहा सांडला, एवढंच. पण कपबशा खळकन फुटल्या, आणि तो आवाज सिस्टरांनी ऑफिसात ऐकला. त्या धावत आल्या.

"काका, आजपासून खुर्ची."

"अहो, मला काही झालेलं नाही."

"झाल्यावर बोलून काय उपयोग? थोडे दिवस बसा. मग बघू."

काका शिस्तीचा माणूस. बसले. पहिल्या आठवड्यात ते प्रत्येक वेळी विचारायचे, "सिस्टर, फळी काढता का जरा?" सिस्टर म्हणायच्या, "जेवण होऊ दे." जेवणानंतर, "आता विश्रांतीची वेळ." संध्याकाळी, "मावशी घेऊन जाईल तुम्हाला फिरवायला." मावशीच्या हाताखाली एवढी माणसं, ती कुणाकुणाला फिरवणार? फिरणं व्हायचं ते बाथरूमला नेण्या-आणण्यापुरतं, तेही चाकाच्या खुर्चीतून, कारण ते लवकर व्हायचं.

मग काकांनी विचारणं सोडलं. सिस्टर मावशीला म्हणाल्या, "बघ, रुळले की नाही? सुरुवातीला सगळेच कुरकुरतात."

मधले काही महिने असेच गेले. काकांचं बोलणं कमी झालं. सुई-दोऱ्याचा डबा कपाटात राहिला. खिडकी व्हरांड्याच्या टोकाला होती तिथेच राहिली आणि काका बैठकीच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. सिस्टर रोज त्यांच्यापुढून जायच्या, खांद्यावर थोपटायच्या, "काय काका, बरं ना?" विचारायच्या. काका मान हलवायचे.

मुलगी आली ती हसतच आली. तिने गावाबाहेर मोठं घर घेतलं होतं, तळमजल्यावर एक खोली वडिलांसाठी ठेवली होती. चार दिवस तरी त्यांना घेऊन जायचं, घर दाखवायचं, असं ठरवून ती गाडी घेऊन आली होती. वडिलांसाठी नवे बूटही आणले होते. गुडघ्यावर बसून तिने स्वतः ते त्यांच्या पायांत घातले. मावशीने फळी काढली.

"चला बाबा, उठा."

काकांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. शरीर जरा वर आलं, आणि गुडघे असे दुमडले की जणू त्यांत हाडच नव्हतं. मुलीने आणि मावशीने दोन्हीकडून धरलं म्हणून बरं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काकाच म्हणाले, "राहू दे ग." त्यांनी मान वळवली आणि ते आपल्या नव्या बुटांकडे बघत बसले.

सिस्टर दारात उभ्या होत्या. पायऱ्या चढताना बॅग न सोडणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि एका क्षणात त्यांना सगळं लख्ख कळलं. इस्पितळात त्यांनीच कितीदा नव्या पोरींना शिकवलं होतं, माणूस फार दिवस बसून राहिला तर पाय जातात म्हणून. त्यांना हे माहीत नव्हतं असं नव्हतंच. त्यांनी ते बघायचं टाळलं होतं.

आता ही मुलगी काय बोलेल? सिस्टरांनी मन घट्ट केलं. रेडिओआजींचा भाचा आठवला. ओरडली तर ऐकून घ्यायचं, त्यांनी ठरवलं.

मुलगी डोळे पुसत त्यांच्याजवळ आली, आणि तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "वय झालं हो आता बाबांचं. मलाच कळायला हवं होतं. पण तुम्ही इतकं जपलंत त्यांना. एकदाही पडू दिलं नाहीत. तुमचे उपकार कसे फेडू?"

हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "अहो, ते आमचं कामच आहे."

मुलगी एकटीच परत गेली.

त्या दिवशी घरी सिस्टर जेवल्या नाहीत. नवऱ्याने विचारलं तर "डोकं दुखतंय" म्हणाल्या. पण इतक्या वर्षांचा संसार. तो समोर बसून राहिला. शेवटी त्यांनी सांगितलं. तो थट्टेखोर माणूस, पण या वेळी हसला नाही.

"मग तिला सांगितलंस का?"

"नाही."

"का?"

"ती आभार मानत होती हो! आभार मानणाऱ्या माणसाला काय सांगू?"

उठून त्याने ताट झाकून ठेवलं. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं सिस्टरांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्यांनी मावशीला हाक मारली. "सगळ्यांच्या फळ्या काढ. एकेकाला उभं करून बघायचंय."

"सगळ्यांच्या? आणि कुणी पडलं तर?"

"मी धरते एका बाजूने. तू दुसरीकडून धर."

एकेका खुर्चीपुढे दोघी गेल्या. कंडक्टर धडपडत का होईना, पण उठले आणि म्हणाले, "आला का थांबा?" दोन आज्या एकमेकींकडे बघत, आधार घेत उभ्या राहिल्या आणि लहान मुलींसारख्या लाजल्या. पण बाकी बरेच जण उठले नाहीत. यातली कितीतरी माणसं पहिल्या दिवशी स्वतःच्या पायांनी फाटकातून आत आली होती. सिस्टरांनीच हात पुढे करून त्यांना घेतलं होतं. "माणूस पडत नाही" याचा अर्थ काय होता ते आता खोलीभर बसलेलं होतं. जे उभेच राहत नव्हते ते पडणार कुठून?

मावशी खालच्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी खिटी लावायचे."

"हो ग. मीच सांगितलं होतं."

त्या काकांजवळ स्टूल घेऊन बसल्या. कसं सुरू करावं ते सुचेना. मग एकदम म्हणाल्या, "काका, तुमचे पाय वयाने गेले नाहीत. मी तुम्हाला बसवून ठेवलं म्हणून गेले. चूक माझी आहे."

रागावतील, तोंड फिरवतील, काहीतरी करतील, म्हणून सिस्टर थांबल्या होत्या. काका हळूच म्हणाले, "मला वाटलं, माझंच काही चुकलं. ट्रॉलीवरच्या कपबशा फोडल्या ना मी. म्हणून बसवलं असेल."

"काय म्हणता काका!"

"नाही, म्हणजे... शिक्षा किती दिवसांची ते विचारावं, असं पुष्कळदा मनात यायचं. पण तुम्ही कामात असायचात."

सिस्टर उठल्या आणि औषधांच्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं. आयुष्यात किती मरणं पाहिली होती त्यांनी, पण अशा रडल्या नव्हत्या. एक म्हातारा माणूस महिनोन् महिने शिक्षा भोगत समोर बसला होता आणि आपण त्याच्या खांद्यावर थोपटून "बरं ना?" विचारत होतो, हे त्यांना सहन होईना.

मुलीला फोन करायला त्यांना आणखी काही दिवस लागले. रोज ठरवायच्या आणि रोज काही ना काही काम काढायच्या. शेवटी केला. सगळं सांगितलं, फळी, खिटी, खिडकी, काहीच सोडलं नाही.

मग मुलगी म्हणाली, "त्या दिवशी मी तुमचे हात धरून आभार मानले."

"हो."

"आणि तुम्ही मानू दिलेत."

मुलीने फोन ठेवला.

दोन दिवसांनी ती आली ती थेट अध्यक्षांच्या ऑफिसात. अध्यक्षांनी आधी गोड बोलून पाहिलं. "हे बघा, सगळ्या आश्रमांत थोडंफार असंच चालतं. सुरक्षितता महत्त्वाची. सिस्टर भावनेच्या भरात काहीतरी बोलल्या असतील."

"मी भावनेच्या भरात बोलले नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी या लोकांना बांधून ठेवलं. दोरी नव्हती, एवढंच. फळ्या कायमच्या काढायच्या, नाहीतर मला कामावरून काढा."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत क्षमा नव्हती, पण त्या दोघी त्या ऑफिसात एका बाजूला होत्या, आणि अध्यक्षांना ते जड गेलं.

फळ्या निघाल्या. व्हरांड्यात दोन्ही भिंतींना धरायला कठडे बसले, बाथरूमचा उंबरा फोडून सपाट केला, संध्याकाळच्या कामाला आणखी एक सेविका आली. व्यायाम घेणारी डॉक्टर येऊ लागली. तिने काकांचे पाय तपासून स्पष्टच सांगितलं, "थोडं परत मिळेल. पूर्वीसारखं होणार नाही." सिस्टरांनी खाली मान घालून ऐकलं.

त्यानंतर सिस्टर रोज सकाळी स्वतः काकांना उभं करायच्या. काका कठड्याला धरून उभे राहायचे, घाम फुटायचा, पाय लटलटायचे, आणि सिस्टरांचे हात त्यांच्या कमरेशी, न टेकवता, धरून. काका आता तिरसटही झाले होते. "सोडा हो, किती धराल!" म्हणून खेकसायचे. कधी "नाहीच व्हायचं हे, कशाला छळता?" म्हणून भिंतीकडे तोंड करायचे. सिस्टर ऐकून घ्यायच्या. पूर्वी त्यांनी असं कुणाचं ऐकलं नव्हतं.

आणि मग ज्याची भीती होती ते झालं. कंडक्टर बागेत चालताना पडले. मनगट मोडलं. त्यांचा मुलगा तणतणत आला. "इतके दिवस काही झालं नाही आणि आता फळ्या काढल्या! अक्कल गहाण ठेवलीत का?" एक क्षण सिस्टरांना सुताराचा नंबर आठवला, हेही खरं.

प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून कंडक्टर म्हणाले, "तू गप रे. पडलो तो मी पडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मी केलं."

मुलगा काही गप बसला नाही. त्याने वडिलांना दुसऱ्या आश्रमात नेलं. त्या आश्रमात कशा खुर्च्या आहेत, हे विचारायची सिस्टरांना हिंमत झाली नाही. जाताना कंडक्टरांनी साबुत हात हलवला, आणि आपल्यामुळे त्यांना या वयात हे घर सोडावं लागतंय, ही टोचणीही सिस्टरांच्या गाठीला बांधली गेली. अध्यक्षांनी फळ्यांचा विषय पुन्हा काढला. सिस्टर नाही म्हणाल्या. नातेवाईकांना आता त्या दारातच सांगायच्या, "इथे माणसं चालतात. चालतात म्हणजे कधी पडतीलही. आम्ही जपू, पण बांधणार नाही." काही लोक तिथूनच परत जायचे.

काकांची प्रगती डॉक्टरने सांगितली तेवढीच झाली. वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत, कुणीतरी बरोबर असेल तर बाथरूमपर्यंत. व्हरांड्याचं टोक त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. सिस्टर त्यांना चाकाच्या खुर्चीतून खिडकीशी न्यायच्या, पण बसलेल्या माणसाला त्या खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, फक्त समोरच्या इमारतीची गच्ची आणि आभाळ दिसायचं.

पुढे मुलगी त्यांना कायमचं घेऊन गेली. निघताना ती सिस्टरांशी औषधांबद्दल, व्यायामाबद्दल नीट बोलली, सगळं विचारून घेतलं. आभार मात्र मानले नाहीत. सिस्टरांना तेच योग्य वाटलं. गाडी वळेपर्यंत त्या फाटकात उभ्या राहिल्या आणि मग आत येऊन त्यांनी कुणाच्या तरी चादरीची सुरकुती उगाच काढली.

त्यानंतर कुणी "सिस्टर, किती जपता तुम्ही!" म्हणालं की त्या विषय बदलायच्या. नवरा म्हणायचा, "अग, किती दिवस मनाला लावून घेशील? सुधारलंस ना सगळं?" त्या म्हणायच्या, "पुढच्यांचं सुधारलं."

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी काकांच्या मुलीचा फोन आला. काका गेले, अशीच सिस्टरांची खात्री झाली.

"बाबा काल पडले," मुलगी म्हणाली. "अंगणात. वॉकर बाजूला ठेवून शेजाऱ्याच्या कोटाची बाही बघायला निघाले होते. कोपर खरचटलंय, बाकी काही नाही."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. ठीक आहेत. त्यांनीच मला फोन करायला लावला. म्हणाले, सिस्टरांना कळव, मी पडलो म्हणून."

"आणखी काही म्हणाले?"

"नाही. एवढंच."

फोन ठेवल्यावर सिस्टर तिथेच बसून राहिल्या. काकांनी हे टोचायला कळवलं की आपल्याला बरं वाटावं म्हणून, ते त्यांना ठरवता येईना. फोन करून विचारावं, असं पुष्कळदा मनात आलं. मावशी दाराशी येऊन म्हणाली, "सिस्टर, नव्या आजी उठून निघाल्यात बाहेर."

"चप्पल आहे ना पायात?"

"आहे."

"मग जाऊ दे," सिस्टर म्हणाल्या, आणि स्वतः उठून आजींच्या मागोमाग बाहेर गेल्या.